फ्रीकॅडमधील गोल कोपरे आणि खिडक्यांची ओपनिंग : पुण्यातील लहान कार्यालयांसाठी एक परीक्षण

डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता या भागांत १९३० ते १९५० या काळातले जे बंगले पुनर्विकासातून आजवर वाचले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे रस्त्याकडचे कोपरे काटकोनी नसून गोल आहेत. त्या गोलाईभोवती छज्जा वळतो, त्याखाली गिलाव्याचे आडवे पट्टे वळतात आणि काही ठिकाणी लोखंडी पट्ट्यांची खिडकीही कोपऱ्यासोबत वळते. अशा घराचे मोजमाप घेऊन दुरुस्तीचे आराखडे करायचे असोत, बावधन किंवा बाणेरच्या एखाद्या नव्या बंगल्यात मालकाला गोल भिंत हवी असो, अथवा मुळशीच्या बाजूला माती आणि चुन्याचे घर बांधायचे असो, प्रत्येक वेळी संगणकावर तीच अडचण उभी राहते : भिंत सरळ असेपर्यंत कोणतेही सॉफ्टवेअर चांगले वाटते आणि भिंत वळली की त्याची खरी कुवत समजते. प्रस्तुत परीक्षण फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरच्या १.० आवृत्तीतील बिम वर्कबेंचचे, म्हणजे इमारतींचे मॉडेल करण्याच्या दालनाचे, आहे, आणि तेही मुद्दाम एवढ्याच एका कामापुरते मर्यादित ठेवले आहे.

फ्रीकॅड हे मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर असून ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. पूर्वी वास्तुरचनेसाठी आर्च नावाचे वर्कबेंच आणि बिम नावाची वेगळी जोडणी अशी दोन दालने होती, ती या आवृत्तीत एकत्र झाली. मुळात हे यंत्रभागांच्या रचनेसाठी वाढलेले सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा गाभा ओपन कॅस्केड या भूमिती-इंजिनावर उभा आहे, त्यामुळे त्यातले वर्तुळ हे खरोखर वर्तुळ असते, छोट्या सरळ तुकड्यांची माळ नसते. गोल कोपऱ्यांच्या कामात त्याचे पारडे जड होते ते येथेच. वास्तुरचनेची सोय मात्र त्यावर नंतर चढवली गेली आहे, हेही वापरताना पदोपदी जाणवते.

गोल कोपरा म्हणताना आपण प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतो आणि फ्रीकॅडमध्ये त्या चारही वेगवेगळ्या मार्गांनी कराव्या लागतात, म्हणून त्यांची फोड आधी करणे आवश्यक आहे. पहिली गोलाई प्लॅनमधली, म्हणजे भिंतच पूर्ण जाडीसह वळते. दुसरी गोलाई कडेची, म्हणजे भिंत काटकोनातच राहते आणि फक्त बाहेरची किंवा आतली उभी कड घासून गोल केलेली असते. तिसरी गोलाई एलेव्हेशनमधली, म्हणजे खिडकीच्या ओपनिंगचे कोपरे गोल असतात किंवा वर कमान असते. चौथी, आणि सर्वांत त्रासदायक, म्हणजे वळलेल्या भिंतीत बसवलेली खिडकी. जे वास्तुविशारद फिलेट नावाचे, म्हणजे कोपरा गोल करणारे, एकच बटण शोधत येतात ते येथे निराश होतात, कारण ते बटण आहे, परंतु चारपैकी फार थोड्या ठिकाणी ते वापरणे शहाणपणाचे ठरते.

प्लॅनमधल्या गोलाईपासून सुरुवात करू. भिंतीचे साधन थेट निवडून एकामागून एक टिचक्या मारत गेलो, तर सरळ भिंती तयार होतात आणि त्यांचे कोपरे टोकदार जोडले जातात. नंतर तो जोड गोल करण्याची सोय भिंतीच्या साधनात नाही. योग्य मार्ग असा की, आधी ड्राफ्ट वायरने, म्हणजे अनेक बिंदूंची जोडरेषा काढणाऱ्या साधनाने, सलग आधाररेषा काढावी, तिच्या गुणधर्मांत फिलेट रेडियस या रकान्यात त्रिज्या भरावी आणि मग ती रेषा निवडून भिंत उभी करावी. भिंत त्या रेषेला बांधलेली राहते, त्यामुळे उद्या मालकाने गोलाई थोडी वाढवा म्हटले तर एक आकडा बदलून काम भागते. ड्राफ्ट वायरची मर्यादा एवढीच की, ती त्रिज्या सर्व कोपऱ्यांना सारखीच लागते. एका कोपऱ्याला ६०० मि.मी., दुसऱ्याला ९०० मि.मी. आणि तिसरा काटकोनी, असे हवे असेल तर आधाररेषा स्केचमध्ये, म्हणजे मापे आणि बंधने घातलेल्या सपाट रेखाचित्रात, काढावी, जेथे प्रत्येक कोपऱ्याला स्वतंत्र फिलेट देता येते आणि प्रत्येक त्रिज्येला स्वतंत्र माप बांधता येते. आमच्या अनुभवात स्केचचाच मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण जुन्या बंगल्यांत दोन कोपऱ्यांची गोलाई सहसा एकसारखी निघतच नाही.

त्रिज्या भरताना ती कोणत्या रेषेची आहे याकडे दुर्लक्ष झाले तर पुढची सगळी मापे चुकतात. भिंत आधाररेषेच्या मध्यावर ठेवलेली असेल आणि जाडी २३० मि.मी. असेल, तर ६०० मि.मी. त्रिज्या ही मध्यरेषेची होते. बाहेरच्या विटेची त्रिज्या ७१५ मि.मी. आणि आतल्या बाजूची ४८५ मि.मी. येते. गवंड्याला मध्यरेषेचा काहीच उपयोग नसतो, त्याला बाहेरची किंवा आतली गोलाई हवी असते. म्हणून भिंतीचा अलाइन हा गुणधर्म डावा किंवा उजवा करून आधाररेषा बाहेरच्या पृष्ठभागावर आणावी आणि त्रिज्या तेथेच द्यावी, म्हणजे कागदावरचा आकडा आणि साइटवरचा आकडा एकच राहतो. मध्यरेषेवर ठेवलेल्या भिंतीला अर्ध्या जाडीपेक्षा लहान त्रिज्या दिली, उदाहरणार्थ २३० मि.मी.च्या भिंतीला १०० मि.मी., तर आतल्या बाजूला गोलाई उरतच नाही आणि भूमिती बिघडते. हा सॉफ्टवेअरचा दोष म्हणता येणार नाही, कारण तशी समांतर भिंत प्रत्यक्षातही बांधता येणार नाही; परंतु अशा वेळी नेमके काय चुकले ते सांगणारी सूचना सुस्पष्ट असायला हवी होती.

अशी भिंत एकदा नीट उभी राहिली की मोजमापात तिचा खरा फायदा मिळतो. काटकोनी कोपरा गोल केला की प्रत्येक कोपऱ्याला मध्यरेषेची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.४३ पट कमी होते, म्हणजे ६०० मि.मी. त्रिज्येला जवळजवळ २५८ मि.मी.; आणि बाहेरच्या ७१५ मि.मी. त्रिज्येने प्लॅनमधले सुमारे ०.११ चौ.मी., म्हणजे साधारण १.२ चौरस फूट, क्षेत्र जाते. पुण्यात चौरस फुटाचा भाव माहीत असलेला मालक हा आकडा विचारतोच, आणि फ्रीकॅड तो खऱ्या वर्तुळखंडावरून काढत असल्यामुळे उत्तर देताना अंदाजाची गरज पडत नाही. बाहेरच्या पृष्ठभागावर आणलेली आधाररेषा छज्ज्यासाठीही कामाला येते : टू-डी ऑफसेटने ती ४५० मि.मी. बाहेर नेली की छज्ज्याची त्रिज्या ११६५ मि.मी. होऊन दोन्ही गोलाया एकाच केंद्राच्या राहतात. दर्शनी आडव्या पट्ट्यांसाठीही अशाच समांतर रेषा वापरता येतात.

दुसरी गोलाई कडेची. येथे पार्ट वर्कबेंचमधले फिलेट हे साधन समोरच दिसते, एक उभी कड निवडायची, ५० मि.मी. भरायचे आणि कड गोल होते. पहिल्यांदा पाहताना समाधान वाटते. परंतु या क्रियेने जी वस्तू तयार होते ती भिंत राहत नाही. ती फिलेट नावाची वेगळी वस्तू असते आणि मूळ भिंत तिच्या पोटात जाते. बाहेर दिसणाऱ्या वस्तूला उंची, जाडी किंवा बांधकामसाहित्य हे भिंतीचे गुणधर्म नसतात आणि आयएफसीमध्ये, म्हणजे इमारतींच्या मॉडेलच्या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारात, पाठवताना तिचा प्रकारही आपल्यालाच सांगावा लागतो. त्या गोल केलेल्या वस्तूवरून पुन्हा भिंत बनवता येते, मात्र मग तिची लांबी आणि जाडी आकडे बदलून हलवता येत नाही. याहून मोठी अडचण कडांच्या क्रमांकांची आहे. फिलेट ही क्रिया कड तिच्या क्रमांकाने लक्षात ठेवते. भिंतीत नंतर एखादी खिडकी आली की क्रमांक सरकू शकतात आणि गोलाई भलत्याच कडेवर जाऊन बसू शकते. १.० आवृत्तीत या जुन्या दुखण्यावर बरेच काम झाले आहे आणि ते आता पूर्वीइतके छळत नाही, परंतु ते पूर्णपणे नाहीसे झालेले नाही.

यावरचा उपाय थोडा वळसा घेणारा असला तरी टिकाऊ आहे. कोपऱ्यातून जेवढा भाग जायला हवा त्याचाच एक उभा घन तयार करायचा, म्हणजे प्लॅनमध्ये पाहिले तर एका चौरसातून पाव वर्तुळ वजा केल्यावर जो आतल्या बाजूने वळलेला तुकडा उरतो तो, आणि त्याला भिंतीच्या उंचीइतके उभारून भिंतीच्या वजाबाकीत टाकायचे. आधी घन निवडायचा, शेवटी भिंत निवडायची आणि वजा करण्याचे साधन वापरायचे. भिंत भिंतच राहते, तिची उंची बदलता येते, खिडक्या तिच्यातच बसतात, आणि कडांच्या क्रमांकांशी या वजाबाकीचा काही संबंध नसल्यामुळे नंतरच्या बदलांनी ती हलत नाही. उंची बदलली तर घनाची उंचीही बदलावी लागते, परंतु ती भिंतीच्या उंचीला सूत्राने बांधून ठेवता येते. अर्धगोल टोकाच्या कट्ट्यासाठी किंवा मोकळ्या सुटलेल्या साडेचार इंची भिंतीच्या टोकासाठी मात्र हाही वळसा नको; तेथे दोन्ही कडांना नेमकी अर्धी जाडी ही त्रिज्या देऊन फिलेट मागितले तर ते बहुधा तयार होत नाही, त्यापेक्षा भिंतीची बाह्यरेषाच स्केचमध्ये अर्धवर्तुळासह काढून ती उभारावी.

एक मत येथे स्पष्टपणे नोंदवतो. २० किंवा २५ मि.मी.ची गिलाव्याची गोल कड मॉडेलमध्ये काढूच नये. ती टिपेत लिहावी आणि एका मोठ्या प्रमाणातल्या तपशिलात दाखवावी. घरभरच्या कडा अशा रीतीने गोल केल्या तर फाइल जड होते, एलेव्हेशनमध्ये नको तेथे रेषा उमटतात आणि गवंडी ती कड शेवटी स्वतःच्या हातानेच काढतो. गच्चीवर कठड्याच्या पायाशी जो वाटा, म्हणजे सांध्यातली गोल भर, मारतात त्यालाही हेच लागू आहे.

तिसरी गोलाई, म्हणजे एलेव्हेशनमध्ये गोल कोपऱ्यांची खिडकी, हा फ्रीकॅडमधला सर्वांत आनंददायक भाग म्हणावा लागेल. तयार खिडक्यांचे जे नमुने मिळतात ते सारे आयताकृती आहेत आणि ते येथे उपयोगाचे नाहीत. परंतु खिडकी स्वतःच्या स्केचवरून बनवण्याची सोय फार उदार आहे. स्केचमध्ये एकात एक बंद आकृत्या काढायच्या, बाहेरची चौकटीची बाहेरची कड आणि आतली चौकटीची आतली कड, आणि मग खिडकीच्या संवादपेटीत कोणत्या दोन आकृत्यांमधला भाग चौकट आहे, कोणती आकृती काच आहे, त्यांची जाडी किती आणि त्या भिंतीत किती आत बसतात, हे सांगायचे. गोल कोपऱ्यांत दोन्ही आकृत्यांना एकच त्रिज्या देण्याचा मोह टाळावा. बाहेरची त्रिज्या १५० मि.मी. आणि चौकट ५० मि.मी. असेल तर आतली त्रिज्या १०० मि.मी. हवी, तरच चौकट सगळीकडे सारख्या रुंदीची दिसते. स्केचमध्ये दोन्ही कंसांचे केंद्र एकत्र बांधून टाकले की हे आपोआप सांभाळले जाते. जुन्या पेठांतल्या वाड्यांची महिरप असलेली ओपनिंगही याच रीतीने, कंसांना कंस स्पर्शून जोडत, नेमकी काढता येते.

चौथ्या प्रकाराशी, म्हणजे वळलेल्या भिंतीतल्या खिडकीशी, आलो की सॉफ्टवेअरची आणि वास्तुविशारदाची अशी दोघांची परीक्षा सुरू होते. फ्रीकॅडची खिडकी सपाट स्केचवरून बनते, त्यामुळे तिची चौकट सपाट असते आणि ती भिंतीत जे भोक पाडते त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतात. भिंतीची गोलाई मोठी असेल तर यात काही बिघडत नाही. किती मोठी, हे ओळखण्यासाठी खिडकीच्या रुंदीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागावे, ३००० मि.मी. त्रिज्येच्या भिंतीत १२०० मि.मी. रुंदीची खिडकी बसवली तर उत्तर ६० मि.मी. येते, म्हणजे खिडकीच्या दोन टोकांमधली सरळ रेषा आणि भिंतीचा फुगवटा यांत मध्यभागी तेवढाच फरक असतो. २३० मि.मी.च्या भिंतीत तो सहज सामावतो, आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवणारे कारागीरही सरळ ट्रॅकचेच काम करत असल्यामुळे प्रत्यक्षात बसणार तीही सपाट खिडकीच.

लहान गोलाईत मात्र चित्र पूर्ण बदलते. वर घेतलेल्या ७१५ आणि ४८५ मि.मी. त्रिज्यांच्या कोपऱ्यात ६०० मि.मी.ची खिडकी समांतर बाजूंनी कापली, तर बाहेरच्या अंगाला भिंतीची कड सुमारे ६५ अंशांची तीक्ष्ण होते, आतल्या अंगाला ती साधारण १२८ अंशांची बोथट होते, आणि खिडकीच्या बाजूची खोली २३० ऐवजी सुमारे २६८ मि.मी. भरते. ६५ अंशांची गिलाव्याची कड पुण्याच्या पावसात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या धक्क्यात फार काळ टिकत नाही. त्याऐवजी बाजू केंद्राकडे रोखलेल्या, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, कापल्या तर दोन्ही कडा काटकोनी राहतात, परंतु बाहेर ६०० मि.मी. असलेले ओपनिंग आत सुमारे ४०७ मि.मी. उरते आणि चौकट कोठे बसवायची ते नव्याने ठरवावे लागते. कोणता छेद योग्य हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. ते दोन्ही करून दाखवू शकते का, एवढाच प्रश्न परीक्षणात विचारणे न्याय्य आहे.

त्याचे उत्तर होय असे आहे आणि त्याची किल्ली खिडकीच्या गुणधर्मांत सबव्हॉल्यूम या नावाने फारशी कोणाच्या नजरेला न येता पडून आहे. नेहमी खिडकी स्वतःच्या बाह्यरेषेवरून भोक पाडते. सबव्हॉल्यूममध्ये एखादा घन नेमून दिला की ती त्या घनाच्या आकाराचे भोक पाडते. प्लॅनमध्ये दोन त्रिज्यांनी मर्यादित झालेला पाचरीसारखा आकार काढून तो खिडकीच्या उंचीइतका उभारला आणि सबव्हॉल्यूम म्हणून दिला, की त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या बाजू मिळतात, आणि खिडकी तरीही यादीत खिडकी म्हणूनच मोजली जाते. दिलेल्या घनाची जागा हवी तशी उतरली आहे का, हे मात्र लगेच प्लॅनमध्ये पाहून घ्यावे.

मातीच्या घरांसाठी तर हा गुणधर्म म्हणजे या सॉफ्टवेअरकडे वळण्याचे स्वतंत्र कारण आहे. ४५० मि.मी. जाडीच्या मातीच्या भिंतीत खिडकी बाहेरून लहान आणि आत पसरत गेलेली असते, म्हणजे उजेड आत पसरतो. बाहेरच्या पृष्ठभागावर ६०० गुणिले ९०० मि.मी.चा आयत १०० मि.मी. गोल कोपऱ्यांसह, आतल्या पृष्ठभागावर ९०० गुणिले १२०० मि.मी.चा आयत २०० मि.मी. गोल कोपऱ्यांसह, अशी दोन स्केच ४५० मि.मी. अंतरावर ठेवून त्यांच्यामध्ये लॉफ्ट केला, म्हणजे एका आकृतीपासून दुसरीपर्यंत घन ताणला, तर एक देखणा, सलग पसरणारा घन तयार होतो. दोन्ही आकृत्यांत चार सरळ रेषा आणि चार कंस अशा आठच बाजू असल्यामुळे लॉफ्ट मध्येच पीळ घेत नाही. तो घन सबव्हॉल्यूम म्हणून दिला की भिंतीत तशीच पसरट खिडकी कोरली जाते. आतल्या ओठाची कड आणखी गोल हवी असेल तर तिसरे स्केच वाढवून तो भाग अधिक पसरवता येतो, अर्थात लिंपण करणारे हात ते काम संगणकापेक्षा चांगले करतात.

सबव्हॉल्यूम न वापरता साधी खिडकीच वळलेल्या भिंतीत ठेवायची असेल, तर होल डेप्थ हा रकाना शून्यावर सोडू नये. शून्य म्हणजे खोली आपोआप ठरते, आणि ती गरजेपेक्षा जास्त निघाली तर जिना गुंडाळणाऱ्या अर्धगोल भिंतीसारख्या ठिकाणी, जेथे एकच भिंत वळून समोर येते, तेथे समोरच्या बाजूलाही भोक पडू शकते. भिंतीची जाडी आणि फुगवटा मिळून होईल त्याहून थोडा मोठा आकडा स्वतः भरला की हा प्रकार थांबतो. खरोखर वळलेली काच किंवा कोपऱ्यासोबत वाकवलेली लोखंडी चौकट हवी असेल, तर मात्र खिडकीचे साधन तेथे संपते. वळलेल्या पट्ट्या वेगळ्या घनांनी उभ्या करून त्यांना आयएफसीमध्ये खिडकी हा प्रकार हाताने द्यावा लागतो. डेक्कनच्या जुन्या बंगल्यांचे मोजमाप काढणाऱ्याला हे काम टाळता येत नाही आणि ते कंटाळवाणे आहे.

थरांच्या भिंतींबाबत निर्णय संमिश्र आहे. बाहेर २० मि.मी. गिलावा, मध्ये वीट, आत १२ मि.मी. गिलावा असे बहुसाहित्य भिंतीला दिले तर गोल कोपऱ्यात सर्व थर एकाच केंद्राभोवती नीट वळतात आणि सेक्शन सुरेख दिसतो. परंतु खिडकीच्या ओपनिंगमध्ये गिलाव्याचा थर आपोआप आत वळत नाही; छेद सर्व थरांतून सरळ जातो आणि बाजूला विटेचा उघडा चेहरा दिसतो. रेव्हिट या वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीच्या व्याख्येतच ओपनिंगपाशी थर बाहेरून, आतून की दोन्हीकडून वळवायचे हे ठरवता येते, आणि ज्या कार्यालयात कामाचे आराखडे मॉडेलमधूनच निघतात तेथे ही उणीव बोचेल.

तुलनेचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. रेव्हिटमध्ये भिंत काढतानाच फिलेट आर्क निवडून दोन सरळ भिंतींमध्ये वक्र भिंत घालता येते आणि हे काम फ्रीकॅडपेक्षा निश्चितच सोपे आहे. खिडकीच्या फॅमिलीत, म्हणजे तिच्या नमुन्यात, पोकळ ब्लेंड (दोन आकृत्यांना जोडणारा घन) वापरून पसरट ओपनिंगही करता येते. मात्र तयार घनाची कड गोल करणारे साधन तेथे नाही, त्यासाठी पोकळ स्वीप, म्हणजे कडेवरून नेलेला छेद, फिरवावा लागतो, आणि दरवर्षी भरायची वर्गणी दोनतीन माणसांच्या कार्यालयाला जड जाते. स्केचअप या झटपट थ्री-डी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये गोलाई डोळ्यांना पटकन दिसते, पण तेथे वर्तुळ म्हणजे मूळ मांडणीत २४ सरळ तुकडे आणि कंस म्हणजे १२ तुकडे. पाव वर्तुळाचा कंस १२ तुकड्यांत काढला तर ७१५ मि.मी. त्रिज्येला चूक दीड मि.मी.च्या आसपासच राहते, जी गिलाव्यात दिसणारही नाही. पण पूर्ण वर्तुळ काढून त्याचा पाव भाग वापरला, तर सहाच तुकडे वाट्याला येतात आणि चूक सुमारे ६ मि.मी. होते, जी चौकट बनवणाऱ्याला नक्की सापडेल. शिवाय स्केचअपमधली भोक पाडणारी खिडकी सपाट पृष्ठभागालाच चिकटते, त्यामुळे वळलेल्या भिंतीत तिचा उपयोग होत नाही. मालकाला संध्याकाळच्या बैठकीत कल्पना दाखवण्यासाठी मी आजही स्केचअपच उघडेन.

आराखडे काढण्याच्या बाबतीत टेकड्रॉ हे दालन समाधानकारक आहे, तरी गोलाईच्या एलेव्हेशनमध्ये एक तपशील सांभाळावा लागतो. सरळ भिंत जेथे वळायला लागते तेथे प्रत्यक्षात कोणतीही रेषा नसते, पण भूमितीत तेथे शिवण असते आणि ती कागदावर उमटू शकते. दृश्याच्या गुणधर्मांत स्मूथ आणि सीम रेषा दाखवण्याचे पर्याय आहेत, ते बंद केले की दर्शनी भिंत अखंड दिसते. दुसरा तपशील देवाणघेवाणीचा आहे. महापालिकेच्या मंजुरीचे आणि स्ट्रक्चरल सल्लागाराचे जग अजूनही ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलींवर चालते, आणि फ्रीकॅड ती फाइल स्वतःहून उघडत नाही; ओडीए फाइल कन्व्हर्टरसारखे वेगळे साधन बसवून त्याचा मार्ग सेटिंगमध्ये द्यावा लागतो. डीएक्सएफ हा रेखाटनांच्या देवाणघेवाणीचा फाइल-प्रकार मात्र थेट चालतो, म्हणून आम्ही तोच पाठवतो. आयएफसीमध्ये पाठवलेली साधी वक्र भिंत समोरच्याकडे बऱ्यापैकी उतरते, परंतु वजाबाक्या केलेली किंवा लॉफ्टने कोरलेली भिंत बहुतेक वेळा नुसता घन म्हणून पोहोचते, जो पाहता येतो पण सहजासहजी बदलता येत नाही.

शिकण्याचा चढ किती, हे शिकणारा कोठून येतो यावर अवलंबून आहे. ज्याने अभियांत्रिकीच्या रचनेचे सॉफ्टवेअर वापरले आहे त्याला स्केच, बंधने आणि लॉफ्ट ही भाषा ओळखीची वाटेल. वास्तुकला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि रेव्हिटवर हात बसलेल्या मुलामुलींना मात्र प्रत्येक गोष्ट आधी रेषेतून बांधून घेण्याची ही शिस्त सुरुवातीला जाच वाटते. मोठ्या गृहसंकुलाच्या कामासाठी हे सॉफ्टवेअर आज सुचवता येणार नाही. जुन्या घरांची मोजमापे, एकेकटे बंगले आणि मातीची घरे करणाऱ्या लहान कार्यालयाने मात्र ते बसवावे, पहिला गोल कोपरा स्केचवरून उभा करावा आणि फिलेटचे बटण शेवटच्या तपशिलापुरते राखून ठेवावे.

आमच्याकडे या साऱ्याचा सर्वांत थेट उपयोग साइटवरच्या फर्म्यासाठी होतो. ७१५ मि.मी. त्रिज्येचा पाव कंस ए-झिरो कागदावर एकास एक प्रमाणात पूर्ण मावतो. टेकड्रॉमधून तसा कागद छापून तो प्लायवर चिकटवून कापतात, किंवा त्याच आधाररेषेची डीएक्सएफ फाइल कापणाऱ्या यंत्राला देतात, आणि गवंडी प्रत्येक थरावर तो फर्मा टेकवून वीट लावतो. बाहेरच्या गिलाव्याचे २० मि.मी. धरून ७३५ मि.मी. त्रिज्येचा दुसरा फर्मा त्याच फाइलमधून वेळीच काढून ठेवावा, कारण विटेचा फर्मा गिलाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.